लॉस एंजेलिस काउंटीचे अग्निशमन दल कसे वाढले?

आपला प्रश्न असा आहे की, अमेरिकेतील काउंटी साधारण आपल्या जिल्ह्यासारखी असेल, तर तिचे स्वतंत्र अग्निशमन दल कसे उभे राहिले, ते एवढे मोठे कसे झाले आणि आपल्या जिल्हा परिषदांकडे तसे दल का दिसत नाही. अग्निसुरक्षा अभियंता म्हणून माझी बरीचशी कारकीर्द दक्षिण कॅलिफोर्नियात गेली. इमारतींचे आराखडे मंजुरीसाठी ज्या कार्यालयांकडे न्यावे लागत, त्यांत लॉस एंजेलिस काउंटीच्या अग्निशमन दलाचे कार्यालय प्रमुख होते, म्हणून त्याच दलाच्या आधारे उत्तर देणे मला योग्य वाटते. या दलाचा इतिहास बंब, शिड्या आणि हेलिकॉप्टर यांच्या अंगाने सांगण्याची पद्धत आहे. माझ्या मते तो कराच्या अंगाने वाचला तरच नीट उलगडतो. शहराच्या हद्दीबाहेर लागलेली आग विझवण्याचा खर्च कोणी उचलायचा, या प्रश्नाला प्रत्येक पिढीने जे उत्तर दिले, त्या उत्तरानुसार हे दल वाढत गेले.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. लॉस एंजेलिस शहराचे अग्निशमन दल वेगळे आणि काउंटीचे वेगळे. शहराचे पगारी दल 1886 पासून चालू आहे आणि ते शहराच्या हद्दीपुरते काम करते. काउंटीचा पसारा मात्र दहा हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे. लोकसंख्या सुमारे एक कोटी असून तिच्या पोटात 88 स्वतंत्र शहरे आहेत. या शहरांपैकी कोणाच्याही हद्दीत न येणारा मोठा भूभाग उरतो, त्याचा कारभार काउंटीचे पाच सदस्यांचे मंडळ थेट पाहते. काउंटीचे दल आज हा सर्व उरलेला भाग आणि सुमारे 60 शहरे सांभाळते. चाळीस लाखांहून अधिक लोक आणि पावणेदोनशेच्या आसपास केंद्रे, असा त्याचा व्याप आहे. लाँग बीच, पासाडेना, ग्लेंडेल, सांता मोनिका, बेव्हर्ली हिल्स अशा शहरांनी आपापली दले आजही राखली आहेत.

या दलाचा उगम वनखात्यात आहे. काउंटीच्या मध्यभागी सॅन गॅब्रिएल पर्वत उभा आहे आणि त्याच्या उतारांवर चॅपरल नावाचे, उन्हाळ्यात वाळून कडक होणारे झुडपी रान आहे. शरद ऋतूपासून वाळवंटाकडून सांता ॲना वारे वाहू लागतात, तेव्हा या रानात पडलेली ठिणगी आवरणे कठीण होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोकांना आगीपेक्षाही पाण्याची काळजी जास्त होती. उतार जळाले की माती धरून ठेवणारे काही उरत नाही, पावसात चिखल आणि दगड खाली येतात आणि पायथ्याच्या संत्र्यांच्या बागा, विहिरी व वस्त्या गाडल्या जातात. म्हणूनच 1892 साली राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी हा पर्वत राखीव वनक्षेत्र म्हणून घोषित केला. 1914 च्या पुरानंतर 1915 साली काउंटीचे पूरनियंत्रण मंडळ स्थापन झाले. त्याच दशकात काउंटीने स्वतःचे वनखाते उभारले, ज्याचे काम झाडे लावणे, डोंगरात वाटा आणि अग्निरेषा काढणे आणि वणवा लागल्यास माणसे गोळा करून पाठवणे हे होते. ॲल्टाडेना या वस्तीच्या वर असलेल्या हेनिंजर फ्लॅट्स येथे थिओडोर ल्यूकन्स यांनी 1903 च्या सुमारास रोपवाटिका सुरू केली होती, तीही पुढे काउंटीकडे आली. आग आणि पूर यांचे नाते किती थेट आहे, हे 1934 च्या नववर्षदिनी दिसले. आदल्या नोव्हेंबरात जळालेल्या उतारांवरून ला क्रेसेंटा खोऱ्यात चिखलाचा लोंढा उतरला आणि चाळीसहून अधिक माणसे मेली. आजही या दलाच्या प्रमुखाच्या पदनामात वनाधिकारी आणि वणवारक्षक ही दोन्ही पदे समाविष्ट आहेत. काउंटीच्या दलाला डोंगराची जाण शहरी दलांपेक्षा अधिक असते, त्याचे कारण या उगमात आहे.

डोंगराची व्यवस्था झाली, पण सपाटीवरच्या वस्त्यांचे काय? 1920 च्या दशकात लॉस एंजेलिसभोवती तेलविहिरी, कारखाने आणि घरे झपाट्याने वाढत होती आणि त्यांतली पुष्कळ कुठल्याही शहराच्या हद्दीत नव्हती. शहराने आपला बंब हद्दीबाहेर का पाठवावा, हा शहराच्या करदात्यांचा प्रश्न रास्त होता. राज्याच्या कायद्याने यावर मार्ग काढला. एखाद्या वस्तीतील लोकांनी ठरवले तर तेवढ्या भागापुरता एक अग्निसंरक्षण विभाग स्थापन करता येई, त्या भागातील मालमत्तांवर आगीपुरता वेगळा कर बसवता येई आणि तो पैसा फक्त त्याच कामी वापरावा लागे. काउंटीभर असे अनेक विभाग निर्माण झाले. कागदोपत्री प्रत्येक विभाग स्वतंत्र होता, कराचा दर वेगळा होता, पण माणसे आणि कारभार काउंटीच्या वनखात्याकडून पुरवला जाई. एका अर्थी दल एकच होते आणि त्याच्या तिजोऱ्या मात्र अनेक होत्या.

ही रचना ओबडधोबड दिसते, पण तिच्यात एक गोष्ट फार महत्त्वाची होती, ती म्हणजे आगीचा पैसा इतर खर्चांपासून वेगळा ठेवला गेला. सर्वसाधारण अंदाजपत्रकात अग्निशमनाला रस्ते, रुग्णालये आणि पगार यांच्याशी स्पर्धा करावी लागते आणि ज्या वर्षी मोठी आग लागत नाही त्या वर्षी हमखास कात्री लागते. विभागाच्या कराला ती भीती नव्हती. अडचण विषमतेची होती. ज्या विभागात तेलशुद्धीकरण कारखाना होता तेथे कमी दरातही भरपूर पैसा जमे आणि शेजारच्या कामगारवस्तीत जास्त दर लावूनही एक केंद्र नीट चालवणे जड जाई. म्हणून पुढच्या दशकांत हे विभाग टप्प्याटप्प्याने एकत्र आणले गेले. दलाचे कायदेशीर नाव आजही ‘लॉस एंजेलिस काउंटीचा एकत्रित अग्निसंरक्षण विभाग’ असेच आहे आणि त्या नावात हा सगळा प्रवास सामावलेला आहे.

यानंतरचा टप्पा मला सर्वांत निर्णायक वाटतो. दुसऱ्या महायुद्धानंतर लाँग बीचच्या उत्तरेला शेतजमिनीवर लेकवुड नावाची वसाहत उभी राहिली. 1950 पासून अवघ्या तीन वर्षांत तेथे सुमारे 17,500 घरे बांधली गेली. लाँग बीच ही वसाहत आपल्या हद्दीत ओढू पाहत होते. रहिवाशांना ते नको होते, पण स्वतःचे शहर काढायचे तर पोलीस, बंब, ग्रंथालय, रस्ते या सगळ्यांचा खर्च नव्याने उभा करावा लागणार होता. 1954 साली त्यांनी वेगळाच उपाय केला. लेकवुडने शहराचा दर्जा घेतला, नगरपरिषद निवडली, पण बहुतेक सेवा काउंटीकडूनच घ्यायच्या असे ठरवले. अग्निशमनासाठी तर फारसे काही बदलावेच लागले नाही. लेकवुडची घरे आधीपासून काउंटीच्या अग्निविभागात होती आणि शहर झाल्यावरही ती तेथेच राहिली. कर विभागाला मिळत राहिला आणि केंद्रांतील माणसेही काउंटीचीच राहिली.

एरवी नवे शहर जन्माला आले की काउंटीच्या दलाचे क्षेत्र तेवढे कमी झाले असते. लेकवुडमुळे उलट घडले. 1955 च्या विक्रीकर कायद्याने नव्या शहरांना मालमत्ता कर न लावताही उत्पन्नाचे साधन मिळाले आणि पुढच्या पंधरा वर्षांत या काउंटीत दोन डझनांहून अधिक शहरे स्थापन झाली, त्यांतील जवळजवळ सर्वांनी लेकवुडचाच मार्ग धरला. कीथ क्लिंगर यांच्याकडे दलाचे प्रमुखपद होते तो हाच काळ. अभ्यासकांनी या पद्धतीवर टीकाही केली आहे. श्रीमंत कारखाने आणि दुकाने आपल्या हद्दीत ओढून घेऊन गरीब वस्त्या बाहेर ठेवणारी शहरे यातून निर्माण झाली, ही टीका मला खरी वाटते. मात्र आगीच्या बाबतीत अशी फाळणी झाली नाही, कारण अग्निविभागाची हद्द शहरांच्या हद्दींवरून पसरलेली होती. सर्वांत जवळच्या केंद्राची गाडी आधी निघे, मग ते केंद्र कोणत्याही शहरात असो.

1978 च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रस्ताव 13 मंजूर केला आणि मालमत्ता कर मूल्याच्या एक टक्क्यावर रोखला गेला. मूल्यांकनातील वार्षिक वाढही दोन टक्क्यांवर थांबली. तोपर्यंत अग्निविभाग गरजेनुसार आपला दर ठरवत असे, यापुढे त्याला त्या एक टक्क्यातील ठरावीक वाटा तेवढा मिळू लागला. लहान शहरांच्या दलांना याचा फटका अधिक बसला. दोन-तीन केंद्रे असलेल्या शहरालाही प्रमुख, प्रशिक्षण, दुरुस्ती, नियंत्रण कक्ष आणि निवृत्तिवेतन यांचा खर्च पूर्ण करावा लागतो. अशी शहरे एकेक करून आपले दल काउंटीत विलीन करू लागली. पोमोना, इंगलवुड ही त्यांतली मोठी नावे. 2017 च्या अखेरीस हर्मोसा बीच आणि 2020 साली व्हर्नन हे कारखान्यांचे शहरही आले. या शहरांचा व्यवहार लेकवुडसारखा नसतो. ती दरवर्षी करारानुसार शुल्क भरतात. विलीनीकरणाच्या बैठकांत रहिवासी दोनच गोष्टी विचारतात, आमचे केंद्र बंद होणार का आणि गाडी किती मिनिटांत येणार. माझ्या व्यवसायातील माणसाला तिसरीही दिसते. दल विलीन झाले की आराखडे तपासण्याचा अधिकारही त्याच्याकडे जातो. बंबाच्या रस्त्याची रुंदी किमान 20 फूट हवी, इमारतीच्या बाह्य भिंतीचा कोणताही भाग त्या रस्त्यापासून 150 फुटांच्या आत हवा, नळखांबाला, म्हणजे बंबांना पाणी देणाऱ्या रस्त्याकडेच्या नळाला, पुरेसा दाब हवा, या अटी मग एकाच कार्यालयातून आणि एकाच पद्धतीने लावल्या जातात. आग न लागू देण्याचे हे काम बातम्यांत येत नाही, पण दलाच्या वाढीत त्याचा वाटा मोठा आहे.

आता दोन गोष्टी अशा, ज्यांचा परिणाम काउंटीच्या बाहेर जगभर पोहोचला. पहिली वैद्यकीय. 1960 च्या दशकात हृदयविकाराचा झटका आलेला रुग्ण अनेकदा रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच दगावत असे आणि रुग्णवाहिका म्हणजे केवळ वाहन होते. हार्बर जनरल रुग्णालयाचे डॉ. मायकल क्रायली आणि काउंटी मंडळाचे सदस्य केनेथ हान यांनी पुढाकार घेतला आणि 1969 साली काउंटीच्या जवानांची पहिली छोटी तुकडी पॅरामेडिक म्हणून, म्हणजे रुग्णाला जागेवरच तातडीचे उपचार देण्यासाठी, प्रशिक्षित झाली. तेव्हाच्या कायद्याने इंजेक्शन देणे किंवा हृदयाला विजेचा झटका देणे डॉक्टर-परिचारिकांशिवाय कोणाला शक्य नव्हते, त्यामुळे सुरुवातीला जवानांच्या गाडीत परिचारिका बसत असे. 1970 च्या जुलैत राज्यपाल रोनाल्ड रेगन यांनी वेडवर्थ-टाउनसेंड कायद्यावर सही केली आणि तो अडसर दूर झाला. दलातील अधिकारी जेम्स पेज यांनी हा कार्यक्रम काउंटीभर नेला. 1972 साली याच दलावर आधारित दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली, तेव्हा तेही तिचे तांत्रिक सल्लागार होते. मालिकेतील 51 क्रमांकाचे केंद्र म्हणून जी इमारत दिसते, ते प्रत्यक्षात कार्सन येथील 127 क्रमांकाचे केंद्र आहे. ती मालिका पाहून अमेरिकेतील अनेक गावांनी आपल्याकडेही पॅरामेडिक हवेत अशी मागणी केली. आज अमेरिकेतील बहुतेक दलांप्रमाणे या दलाकडेही येणाऱ्या हाकांत वैद्यकीय मदतीच्या हाका आगीच्या हाकांहून कितीतरी जास्त असतात.

दुसरी गोष्ट आदेशव्यवस्थेची. 1970 च्या शरद ऋतूत दक्षिण कॅलिफोर्नियात 13 दिवस वणवे पेटत राहिले. 16 जण मृत्युमुखी पडले, 700 च्या आसपास इमारती आणि पाच लाख एकरांहून अधिक क्षेत्र जळाले. मदतीला शेकडो गाड्या आल्या, पण त्यांची संदेशयंत्रणा एकमेकींशी जुळत नव्हती, एकाच उपकरणाला प्रत्येक दलाचे वेगळे नाव होते आणि एका आगीवर दोन-तीन प्रमुख वेगवेगळे हुकूम सोडत होते. त्यानंतर केंद्र सरकारचे वनखाते, राज्याचे वनखाते आणि आपत्तीकार्यालय, लॉस एंजेलिस शहर आणि लॉस एंजेलिस, व्हेंचुरा व सांता बार्बरा या तीन काउंट्यांची दले यांनी ‘फायरस्कोप’ नावाचा संयुक्त प्रकल्प हाती घेतला. त्यातून घटना आदेश प्रणाली तयार झाली. एका आगीचे एकच उद्दिष्टपत्र, सर्वांची एकच शब्दावली, एका अधिकाऱ्याच्या हाताखाली साधारण पाच माणसे आणि नियोजन, कार्यवाही, रसद, वित्त अशी ठरलेली विभागणी, हे तिचे सार. 2004 पासून संपूर्ण अमेरिकेत ती राष्ट्रीय व्यवस्थेचा भाग झाली. आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2010 साली जी घटना प्रतिसाद प्रणाली मार्गदर्शिका काढली, तीही याच प्रणालीवर बेतलेली आहे आणि तिच्यात जिल्ह्याची सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे दिली आहेत. महाराष्ट्रातील आपत्ती व्यवस्थापन प्रशिक्षणात जे आराखडे शिकवले जातात, त्यांचे मूळ सॅन गॅब्रिएलच्या पायथ्याशी आहे.

बाकीची वाढ थोडक्यात सांगता येईल. 1994 साली समुद्रकिनाऱ्यावरचे जीवरक्षक या दलात आले. त्याच वर्षापासून कॅनडातील क्वेबेक प्रांताकडून पाण्याच्या पृष्ठभागावरून टाक्या भरून घेणारी विमाने दर शरद ऋतूत भाड्याने आणली जाऊ लागली. दलाचे शोध व बचाव पथक हैती, जपान, 2015 चा नेपाळ आणि 2023 चा तुर्कस्तान येथील भूकंपांत जाऊन आले आहे.

पैशाचा धागा मात्र पुन्हा धरावा लागेल. 1990 च्या दशकात राज्याने स्थानिक संस्थांच्या मालमत्ता करातील काही वाटा शाळांकडे वळवला आणि 1996 च्या घटनादुरुस्तीने मतदारांच्या संमतीशिवाय जादा आकारणी करणे अवघड झाले. 1997 साली या विभागाच्या मतदारांनी अग्निशमनासाठी खास कर मंजूर केला आणि दल तरले. 2020 च्या मार्चमध्ये नवा कर मागितला गेला. निम्म्याहून अधिक मते मिळाली, पण दोन तृतीयांशाची अट पूर्ण झाली नाही आणि तो पडला. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये हाच विषय नागरिकांच्या पुढाकाराचा प्रस्ताव म्हणून मांडला गेला, त्याला साधे बहुमत पुरेसे होते आणि बांधकामाच्या प्रत्येक चौरस फुटामागे सहा सेंट असा कर मंजूर झाला. अधिक गाड्या, नवी संदेशयंत्रणा, जुन्या केंद्रांची डागडुजी हे त्याचे हेतू होते.

त्यातला पैसा हाती येण्याआधीच, दोन महिन्यांनी, 7 जानेवारी 2025 च्या संध्याकाळी ॲल्टाडेनाच्या वर ईटन दरीत आग लागली. त्याच दिवशी सकाळी लॉस एंजेलिस शहराच्या पॅलिसेड्स भागात मोठी आग लागलेली होती आणि वारा इतका होता की हवाई मदत थांबवावी लागली. ईटनच्या आगीत 14,021 एकर क्षेत्र जळाले, नऊ हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या आणि किमान 18 माणसे गेली. ॲल्टाडेना कोणत्याही शहराच्या हद्दीत नाही, त्यामुळे तिथे काउंटीचे दल हेच मुख्य दल होते. एवढ्या मोठ्या इतक्या आगी एकाच वेळी हाताळण्याइतके जवान संपूर्ण काउंटीत, सर्व दले मिळूनही, नाहीत, असे प्रमुख अँथनी मॅरोन यांनी स्पष्टपणे सांगितले. ते खरे होते. परंतु मला अस्वस्थ करणारी बाब वेगळी आहे. मृत्यू प्रामुख्याने ॲल्टाडेनातील लेक ॲव्हेन्यू या रस्त्याच्या पश्चिमेकडे झाले आणि त्या भागाला घरे सोडण्याचा आदेश पहाटे साडेतीनच्या सुमारास, म्हणजे आग लागल्यानंतर नऊ तासांनी मिळाला. आदेशाची शिफारस अग्निशमन दलाने करायची, अंमलबजावणी शेरिफने, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाने, आणि संदेश आपत्ती कार्यालयाने पाठवायचा, अशी ती साखळी होती. काउंटीने नेमलेल्या बाह्य चौकशीने नेमके या साखळीतील संदिग्धतेवर बोट ठेवले. पन्नास वर्षांपूर्वी दला-दलांतील गोंधळ मिटवणारी प्रणाली याच परिसरात घडली होती. लोकांना सावध करण्याच्या कामात मात्र तीन कार्यालयांच्या मध्ये जबाबदारी सैल राहिली, ही गोष्ट या दलाबद्दल आदर असलेल्या माणसाने अधिक ठामपणे बोलायला हवी असे मला वाटते.

आपल्या प्रश्नाचा उरलेला भाग महाराष्ट्राचा. घटनेच्या 74 व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा विषय नगरपालिकांकडे देता येणाऱ्या कामांत नोंदवलेला आहे. 73 व्या दुरुस्तीच्या अकराव्या अनुसूचीत, म्हणजे पंचायतींच्या 29 विषयांत, तो नाही. राज्याचा 2006 चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदाही स्थानिक आणि नियोजन प्राधिकरणांच्या आधाराने चालतो. त्यामुळे गावातील गोठ्याला किंवा ऊसतोड कामगारांच्या खोपट्यांना आग लागली की जवळच्या नगरपरिषदेचा, साखर कारखान्याचा किंवा औद्योगिक वसाहतीचा बंब येतो, आणि तो येतो तो सौजन्यापोटी. 1920 च्या दशकातील लॉस एंजेलिस काउंटी नेमकी याच अवस्थेत होती. तिने सुरुवात जिल्ह्याचे दल उभारून केली नाही. काही वस्त्यांनी आगीपुरता वेगळा कर स्वीकारला, त्या कराची हद्द शहराच्या हद्दीपासून वेगळी ठेवली आणि माणसे पुरवण्याचे काम आधीपासून असलेल्या खात्याकडे सोपवले. आपल्याकडे औद्योगिक विकास महामंडळाची अग्निशमन केंद्रे अनेक जिल्ह्यांत आहेत. त्यांच्याभोवतीच्या गावांचा असा एक अग्निविभाग करून त्या केंद्राला कायदेशीर जबाबदारी आणि निश्चित निधी देता येईल का, हे एखाद्या तालुक्यात करून पाहण्यासारखे आहे. त्यासाठी राज्याच्या कायद्यात दुरुस्ती लागेल, आणि माझ्या समजुतीप्रमाणे ती विधिमंडळाच्या अखत्यारीतली आहे.